बेंजोवरचा आवाज

कॅमेरा कुणाचा वापरायचा हे अजून ठरलं नव्हतं, पण बॅनर लागला. तळवलीच्या नाक्यावर, दोन खांबांच्या मध्ये. 'तळवली बेंजो महोत्सव : चाहत्यांनी बनवलेली डॉक्युमेंटरी, लवकरच' असं वर, आणि खाली आम्हा चौघांचे फोटो. मिथुनचा सगळ्यात मोठा, कारण छपाईचे पैसे त्याचे. माझा फोटो माझ्या डीपीतून कापलेला, त्यामुळे माझ्या खांद्यावर कुणाचा तरी हात राहिला होता. नानांचा मोबाईल कानाला लावलेला. शिवतेजचा गॉगल घातलेला. बॅनर बघून ओळखीच्या दोघांनी मला फोन करून विचारलं, निवडणूक कधी आहे?

हा महोत्सव ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. बेंजो हळदीला वाजतो, विसर्जनाला वाजतो, आणि लोक त्यावर नाचतात. ऐकत कुणीच नाही. तळवलीच्या मैदानात मात्र दर हिवाळ्यात दोन दिवस भिवंडीपासून पनवेलपर्यंतच्या बेंजो पार्ट्या यायच्या, आणि तिथे ना नवरी असायची ना गणपती. लोक चक्क खुर्चीवर बसून ऐकायचे. मी कोपरखैरण्याहून दर वर्षी जायचे आणि पहिल्या रांगेसाठी भांडायचे. लॉकडाऊन आलं, महोत्सव बंद पडला, आणि मैदानावर गाड्या लागायला लागल्या, त्या अजून हलल्या नाहीत. मी बेलापूरला एका वकिलांकडे काम करते. दोन्ही बाजूंचं खोटं दिवसभर शुद्ध मराठीत टाइप केल्यावर माणसाला काहीतरी खरं करावंसं वाटतं. म्हणून मी या भानगडीत पडले.

मिथुनचं कारण वेगळं होतं. तो तळवलीचाच. जुन्या घराच्या जागी त्याची चार मजली बिल्डिंग आहे आणि खालचा एक गाळा रिकामा आहे, म्हणून बैठका तिथे. त्याचे वडील देवजी म्हणजे महोत्सवाचा प्राण. डाव्या हाताची बोटं बेंजोच्या बटणांवर, उजव्या हाताने तारेवर मार, आणि बटणं बघायची नाहीत, समोर लोकांकडे बघून वाजवायचं. शेवटच्या वर्षी समारोपाला ते एकटे, साथीला नुसती ढोलकी घेऊन, वाजवायला बसले. त्या वेळी मिथुन मैदानाबाहेर पाहुण्यांच्या गाड्या लावून घेत होता. बापाचं वादन काय पळून जातंय, असं त्याला वाटलं. पुढच्या पावसाळ्यात देवजी गेले. शुगर होती, बरीच वर्षं.

तर मिथुनला या डॉक्युमेंटरीतून एकच गोष्ट हवी होती. न ऐकलेलं ते वादन, एकदा तरी नीट ऐकायचं होतं.

क्लिपा पुष्कळ होत्या. त्या संध्याकाळी निम्म्या मैदानाने मोबाईल वर धरला होता. पण कुणाचीही क्लिप लावा, गत तीच. देवजी सुरू करतात, मिनिटभर स्वर्ग, आणि मग त्यावर एक आवाज येऊन बसतो तो शेवटपर्यंत उठत नाही : "आत्ताच आपल्यामध्ये ज्यांचं आगमन झालेलं आहे, असे आपल्या सर्वांचे लाडके, कार्यसम्राट..." एकामागून एक नावं. मध्ये श्वाससुद्धा नाही.

हा आवाज बाबासो नानांचा. नाना म्हणजे माझे सख्खे चुलते. साताऱ्याकडचे, तुर्भ्याच्या मार्केटात माथाडी म्हणून आयुष्य गेलं. ट्रकच्या या टोकाहून त्या टोकाला हाक मारून आवाज असा तयार झालेला की माईक ही केवळ रीत. कुठेही पूजा असो, सत्कार असो, निवेदनाला नाना. फुकट. त्या दिवशी त्यांनी जी नावं घेतली त्यात एक पुंडलिकशेठ होते. "पुंडलिकशेठ, या, पुढं या, लाजू नका," असं नाना म्हणाले. पुंडलिकशेठ आदल्या दिवाळीला वारले होते. मैदान हसलं, आणि क्लिप घणसोलीपासून उरणपर्यंत फिरली. त्यानंतर नानांना निवेदनाला बोलावणं बंद झालं. मार्केटात अजून कुणी उशिरा आलं की म्हणतात, पुंडलिकशेठ आले. नाना सगळ्यांबरोबर हसायचे. मला मात्र तोंड लपवावंसं वाटायचं. आडनाव एकच ना!

अशा माणसाने पहिल्याच बैठकीला न बोलावता येऊन प्लास्टिकची खुर्ची ओढली आणि सांगितलं, "निवेदन म्या करीन. मानधन नगं."

मिथुनने माझ्याकडे पाहिलं. मी पंख्याकडे पाहिलं. त्याच्या बापाच्या वादनावर जो आवाज बसलाय तोच आता डॉक्युमेंटरीवर बसायला आला होता. पण वयाने मोठा माणूस, नाही कसं म्हणणार? म्हणून आम्ही त्यांचा फोटो बॅनरवर घातला. आमच्याकडे नकार असाच देतात.

दुसऱ्या बैठकीत मुहूर्त झाला. स्टँडवर लावलेल्या मोबाईलसमोर नारळ फोडला, पाणी मोबाईलवर उडालं, तो आठवडाभर तांदळात ठेवावा लागला. त्यानंतर चाहत्यांच्या मुलाखती. सहा जणांच्या घेतल्या. सहाही जण गाडी कुठे लावली होती ते सविस्तर बोलले. एकाला मी विचारलं, "पण वादन कसं वाटलं?" तो म्हणाला, "एक नंबर," आणि पुन्हा गाडीकडे वळला. ड्रोन घ्यायचा असं ठरलं, परवानगी लागते असं कळलं, ड्रोन रद्द झाला. एक बैठक नुसती आभाराच्या पाट्यांवर गेली. कुणाचं नाव कुणाच्या आधी यायचं यावर दोन माणसं ग्रुप सोडून गेली. मूळ डॉक्युमेंटरीचं एक मिनिटही अजून तयार नव्हतं.

या सगळ्यात देवजींची क्लिप मिथुन पुन्हा पुन्हा लावायचा. वाजवता वाजवता देवजी एकदम मान वळवून नानांकडे बघतात, आणि त्याच क्षणी नानांचा आवाज सुरू होतो. "बघ, बाबा कसा बघतोय त्याच्याकडे," मिथुन मला हळूच म्हणायचा. "किती राग आला असंल त्याला." मलाही तो रागच वाटायचा. आपण रंगात आलोय आणि हा माणूस माईक घेऊन उठतोय, म्हटल्यावर कुणाला राग येणार नाही?

आणि मग शिवतेजने बातमी आणली. शिवतेज घणसोलीला लग्नाचे व्हिडिओ एडिट करतो. सगळ्या लग्नांत नवरा-नवरी ढगातून चालत येतात ते त्याचं काम. तो म्हणाला, "आता असं सॉफ्टवेअर आलंय, बोलण्याचा आवाज वेगळा, वाजपाचा वेगळा. नानांना पूर्ण उचलून बाजूला ठेवता येतं."

मिथुन खुर्चीवरून उठला. "म्हंजे बाबा एकटा ऐकू येईल?"

"एकदम क्लीन."

"नगं," नाना म्हणाले.

सगळे त्यांच्याकडे वळले. नानांनी टोपी काढून मांडीवर ठेवली होती. "आवाज काढायचा न्हाई. हाय तसंच ऱ्हाऊ द्या."

"का पण?" मी विचारलं.

"ऱ्हाऊ द्या म्हंतो न्हवं."

झालं. मिथुनच्या तोंडून इतक्या वर्षांचं सगळं एकदम बाहेर पडलं. "नाना, तुमी माज्या बाबाच्या छातीवर बसून बोललाव. शेवटचा वाजवत होता तो. तुमाला एक मिनिट गप बसवला नाय. आन आता काढायला पन नको? तुमचा आवाज तुमाला एवढा प्यारा हाय?"

नाना मांडीवरच्या टोपीची घडी नीट करत राहिले. मला त्यांचा इतका संताप आला की घरची लाज, वय, काही आडवं आलं नाही. मी म्हटलं, "नाना, मेलेल्या माणसाला स्टेजवर बोलावलंत तेव्हाच तुमचं निवेदन संपलं. आता तरी त्या बिचाऱ्याला वाजवू द्या."

शिवतेज खाली बघून हसला. नाना नाही हसले. त्यांनी टोपी झटकली, डोक्यावर घातली. "बरं, काढा," ते म्हणाले. "पर मिथुन, ऐकशील तवा एकला ऐक. वैनीला बसवू नगंस." आणि चपला घालून गेले.

मानभावीपणा, असं आम्ही ठरवलं.

मिथुनने अर्थातच आईला बसवलं. रविवारी सकाळी गाळा झाडून घेतला, हळदीला लावतात तसला मोठा स्पीकर आणला, आणि गोजराकाकींना वरच्या मजल्यावरून हाताला धरून खाली आणून पहिल्या खुर्चीत बसवलं. काकींनी नवी साडी नेसली होती. नानांना कुणी सांगितलं नव्हतं, पण तेही आले आणि आत न येता शटरपाशी उभे राहिले. त्यांना कसं कळलं? बहुधा ग्रुपवरून. त्यांना ग्रुपमधून काढायचं आमचं राहूनच गेलं होतं.

शिवतेजने क्लिप लावली. देवजी समोर आले, पांढरा सदरा, भिवंडीच्या पार्टीने दिलेला फेटा. पहिलं मिनिट जे आम्हाला पाठ होतं ते. मिथुनचं बोट मांडीवर ठेका धरत होतं. मग देवजींनी मान वळवली आणि आम्ही सगळे पुढे झुकलो, कारण यापुढचं आमच्यापैकी कुणीच कधी ऐकलं नव्हतं.

एक सूर चुकला. तो सावरायला गेले, पुन्हा चुकला. मग तोच एक सूर, टक टक टक, दार वाजवावं तसा. आणि मग सूरच गेले. नुसती मोकळी तार वाजायला लागली. बटण दाबलं नाही की बेंजोची तार एकच गुणगुण करते, ती. ढोलकीवाला गडबडला, मग त्याने आपला ठेका वाढवला आणि सगळं अंगावर घेतलं. पडद्यावर देवजींचा उजवा हात जोरात चालला होता. डावा बटणांवर नुसता ठेवलेला होता. चेहऱ्यावर हसू होतं.

बाजूला उचलून ठेवलेल्या आवाजाखाली इतकी वर्षं काय होतं ते आम्ही शेवटपर्यंत ऐकलं. थांबवायला कुणाला सुचलंच नाही.

"शिवतेज, फाईल खराब झालीय," मिथुन म्हणाला.

"फाईल बरोबर आहे रे," शिवतेज म्हणाला.

मिथुन शटरकडे वळला. नाना अजून बाहेरच होते.

"बोटं गेल्ती त्याची," नाना म्हणाले. त्यांचा आवाज इतका लहान मी कधी ऐकला नव्हता. "शुगरनं. कुटल्या बटनावर बोट हाय त्ये त्याला उमजायचं न्हाई. स्टेजमागं मला म्हनला, बाबासो, जमलं तितकं वाजवतो, न्हाई जमलं तर तुज्याकडं बगीन, मग तू बोलत ऱ्हा. म्या म्हनलं, देवजी, बसूच नगंस. तर म्हनला, लोक आल्यात."

"म्हणून तुम्ही नावं घेत होता?" मी विचारलं.

"चिठ्ठीवर चारच नावं व्हती. ती सपली. त्यो थांबंना, मग मी तरी कसा थांबू? मग ज्यो आठवंल त्यो आला." नानांनी डोक्यावरची टोपी सारखी केली. "पुंडलिकशेठ बी आला."

"मग इतकी वर्षं बोलला का नाहीत? लोक तुमच्यावर हसत होते, नाना. आम्हीसुद्धा हसलो."

"कुनाला सांगू नगंस म्हनलावता त्यो."

"पण ते तर गेले ना."

"म्हनून काय झालं?" नानांनी विचारलं. त्यांना खरंच प्रश्न पडला होता.

मिथुनला तेवढ्यात आईची आठवण झाली. त्याने झटकन लॅपटॉप मिटला. "आये, तू वर चल. फाईल खराब हाय ती. बाबाचा नाय तो वाजप."

गोजराकाकी जागच्या हलल्या नाहीत. मिटलेल्या लॅपटॉपकडे बघत म्हणाल्या, "मना म्हायती व्हता. वरीसभर त्याच्या सदऱ्याची बटनां मीच लावायची. तो बोलायचा, तुना हौस हाय तर लाव. मी बोलायची, हां, मना हौस हाय."

मिथुन आईच्या पायाशी फरशीवर बसला आणि रडला. काकींनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि नानांना म्हणाल्या, "आत या भावजी, भायेर काय उभं राहिलाव." नाना आत आले. मी उठून त्यांना खुर्ची दिली. माफी मागायला तोंड उघडलं, तोवर ते "बस गं" म्हणाले.

शिवतेजने मिथुनला न विचारता लॅपटॉप उघडला, ती साफ केलेली फाईल उडवली, आणि नानांच्या आवाजाची जुनी क्लिप, जशी होती तशी, डॉक्युमेंटरीच्या फोल्डरमध्ये टाकली. इतक्या बैठकांत आमचं पक्कं झालेलं ते पहिलं दृश्य.