नंदकुमार सरांनी सांगितलेला रस्ता

"माहीत नाही" हे दोन शब्द मुक्ताच्या माहेरी कुणी कधी उच्चारलेच नव्हते. तिचे बाबा, नंदकुमार सर, नागपूरच्या कॉलेजात तीस वर्षं फिजिक्सच्या तोंडी परीक्षा घेत आणि पोरांना एकच कानमंत्र देत: गप्प बसायचं नाही, काहीतरी ठोकून द्यायचं. रस्ता विचारणाऱ्यालाही सर हाच न्याय लावत. आयर्लंडमधल्या नावन गावी लेकीकडे येऊन तीन आठवडे झाले नाहीत, तर त्यांनी चार जणांना हॉस्पिटलचा रस्ता सांगून टाकला होता. त्यातला एखादा तरी पोचला असेल, अशी आशा करू या.

मुक्ता बापाचीच लेक. डब्लिनहून सात वर्षं विमानं चालवलेली, हातात आयरिश परवाना. पण नवरा संकेत, त्याला कंपनीने डब्लिनच्या ऑफिसातून उचलून अमेरिकेत सिअ‍ॅटलला पाठवलं होतं, आणि तिकडे वैमानिक म्हणून उभं राहायचं तर अमेरिकन परवाना हवा. लेखी परीक्षा झाली, मेडिकल झालं. तिचा आयरिश परवाना खरा आहे असं अमेरिकेने लिहून दिलेलं पत्र मात्र सहाच महिने चालतं, आणि ते शनिवारी संपत होतं. आज गुरुवार. तोंडी परीक्षा आणि उड्डाण दोन्ही आजच, कारण अमेरिकन परीक्षक उद्या परत निघणार होता. आज हुकलं की पुन्हा पहिल्यापासून सगळं, आणि संकेतबरोबरचा संसार आणखी सहा महिने फोनवर.

शिकवणाऱ्या आयरिश कॅप्टनने तिला दहादा बजावलं होतं, "माहीत नाही म्हणालीस तरी ग्रँड, झकास चालेल. थाप मारलीस तर संपलं." मुक्ताने मान डोलावली होती आणि पुढच्याच प्रश्नाला थाप मारली होती.

नावनपासून अर्ध्या तासावर शेतांच्या मधोमध एक छोटी धावपट्टी आहे. परीक्षा तिथे होती. बाबा हट्टाने बरोबर आले आणि कानटोपी चढवून पाय मोकळे करायला बाहेर पडले. दहाची वेळ होती. साडेदहा झाले, पावणेअकरा झाले, परीक्षकाचा पत्ता नाही. दोननंतर ढग खाली उतरणार होते आणि मग उड्डाण कसलं नि काय. मुक्ताचा जीव टांगणीला लागला.

अकराला परीक्षक आला, गुडघ्यापर्यंत चिखलाने माखलेला.

"तिठ्यावर एक म्हातारे गृहस्थ भेटले," तो बूट आपटत म्हणाला. "कानटोपी घातलेले. त्यांनी इतक्या खात्रीने डावीकडे हात केला की मी फोनवरचा नकाशा बंदच करून टाकला. तिकडे गायींचा गोठा निघाला. गाडी रुतली."

कानटोपी म्हटल्यावर मुक्ताने ओळखलं, हे बाबाच.

"माहीत नाही म्हणाले असते तर नकाशाच बघितला असता ना मी," परीक्षक म्हणाला आणि कागद काढून बसला.

तासभर मुक्ताने धडाधड उत्तरं दिली. मग त्याने सहज विचारलं, "वाटेत बर्फ धरायची शक्यता आहे आणि पुढच्या काचेचा हीटर बंद पडलाय. आज आपण नेणार आहोत ते विमान निघू शकतं?"

उत्तर जिभेवर तयार होतं. चांगलं लांबलचक, दोन अटींसकट. खरं आहे की खोटं, ते मुक्तालाच ठाऊक नव्हतं. तिने तोंड उघडलं आणि तिची नजर टेबलाखालच्या त्या चिखलाच्या बुटांवर गेली.

"मला माहीत नाही," ती म्हणाली. "विमानाच्या पुस्तकात बघून सांगते."

परीक्षकाने मान हलवली. मुक्ताने पुस्तक उघडलं, पान शोधलं. निघता येत नव्हतं. दोन अटी, लांबलचक उत्तर, सगळं चूक होतं.

"बरोबर," तो म्हणाला. "चला, ढग यायच्या आत उडू या."

दोनच्या आत ती उतरली ती परवान्याचा तात्पुरता कागद घेऊनच. दारात बाबा उभे होते. मुक्ताने त्यांना घट्ट मिठी मारली आणि गोठ्याची सगळी हकीकत ऐकवली.

"अरे देवा! मला वाटलं डावीकडेच आहे," सर कानटोपी काढत पुटपुटले. "बिचारा इतक्या आशेनं विचारून राहिला होता, नाही कसं म्हणायचं?"

"पण त्याच्या त्या चिखलाच्या बुटांमुळेच पास झाले मी, बाबा."

तेवढ्यात परीक्षकाची गाडी शेजारी थांबली. त्याने काच खाली केली, कानटोपी ओळखली आणि मिश्कीलपणे विचारलं, "सर, डब्लिनचा रस्ता कुठला?"

सरांचा हात सवयीने डावीकडे निघाला. अर्ध्यात थांबला. त्यांनी लेकीकडे पाहिलं आणि हात हळूच तिच्या खांद्यावर ठेवला.

"मला माहीत नाही," नंदकुमार सर म्हणाले. "हिला विचारा. हिला माहीत आहे."