दहा ते चार बंद

हिलरी त्या मंगळवारी ऑफिसच्या कामासाठी लीड्सहून गेट्सहेडला आली होती. अकरा वाजले होते. वडील क्लबात असतील म्हणून तिने आपल्याजवळच्या किल्लीने दार उघडलं.

विल्फ खुर्चीत बसला होता. अंगात कोट, गळ्यात मफलर, डोक्यावर टोपी, पायांवर ब्लँकेट.

"बाबा? आज डॉमिनो नाही?"

"आधी बेल वाजवतात, पोरी. लीड्सला शिकवत नाहीत वाटतं."

तिने रेडिएटरला हात लावला. गार. खोलीचं तापमान बारा अंश. तसं ते असायलाच हवं होतं. सप्टेंबरात हीटिंगचा टायमर तिनेच लावला होता, आपल्या फोनवरून. सोमवार ते शनिवार, दहा ते चार, विल्फ क्लबात डॉमिनो खेळायचा. मग रिकामं घर तापवायचं कशाला? ती रविवारी यायची, तेव्हा घर दिवसभर उबदार असायचं.

"क्लब नोव्हेंबरातच बंद पडला," विल्फ म्हणाला.

"पण परवा रविवारी तर सांगत होतात, एर्नीला सलग तीन डाव हरवलं म्हणून!"

"हरलाच असता तो. त्याला कुठं खेळता येतंय!" विल्फने मफलर सारखा केला. "मुलाकडे राहायला गेला, कार्लाइलला."

"अहो, पण हीटिंगचं ते बटण होतं ना? दाबलं की तासभर चालू होतं."

"आणि तुझ्या फोनवर दिसतं. तूच सांगितलंस."

सांगितलं होतं, तेही कौतुकाने.

"फारच गारठलो तर बसने फिरून येतो. पास आहे. समुद्रापर्यंत जायचं, तसंच परत यायचं. ड्रायव्हर नावाने हाक मारतो."

हिलरीने फोन काढला. सगळे दिवस एकदम बदलता आले असते. पण या वेळी ती वेळापत्रक विचारून भरणार होती.

"सोमवारी कुठे असता?"

"इथेच."

"मंगळवारी?"

"बघतेच आहेस."

तिने बोट टेकवलं आणि स्वयंपाकघरात बॉयलर धडधडून पेटला. विल्फने दचकून घड्याळाकडे पाहिलं.

"बुधवारी?"

"घरीच."

"गुरुवारी?"

तो बराच वेळ आठवत राहिला, काहीतरी निघेल अशा आशेने.

"घरीच," तो म्हणाला.

शुक्रवारचं विचारल्यावर त्याने नुसती मान हलवली.

शनिवारचं तिने विचारलं नाही. आपणच भरलं.