मुकी पट्टी

पोलीस ॲक्शननंतर निजामाची फौज मोडली आणि तिच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवणारा शांतवन पाटोळे हैदराबादहून औरंगाबादला परत आला. उस्मानपुऱ्याच्या कडेला त्याच्या समाजाचे लहानसे चर्च होते. तिथल्या नव्या पाळकसाहेबांनी मुलांना गाणे शिकवायला त्याला बोलावले होते. बोलावणे आले नसते तरी तो आलाच असता. त्याचे वडील पिराजी याच चर्चमध्ये आयुष्यभर पायपेटी वाजवत आले होते. रझाकारांच्या धामधुमीत ते गेले, तेव्हा रस्ते बंद असल्याने शांतवनला त्यांच्या मातीलाही येता आले नव्हते. लहानपणीच चुलत्याबरोबर हैदराबादला गेलेल्या या मुलाला वडिलांच्या म्हातारपणाची काहीच माहिती नव्हती. आता त्यांच्या जागी बसून त्यांचे काम पुढे न्यावे, एवढेच त्याच्या हाती उरले होते.

आल्या आल्या त्याने पायपेटी उघडून पाहिली. भाता शाबूत होता; मधल्या सप्तकातली एक काळी पट्टी मात्र मुकी होती. आत त्या सुराच्या पितळी जिभेवर कुंभारमाशीने मातीचे घर बांधले होते, आणि ती माती वाळून दगडासारखी झाली होती. म्हणजे कितीतरी वर्षे वडील ही पट्टी दाबत असणार आणि तिच्यातून काहीच उमटत नसणार. त्याला वडिलांची कीव आली. चाकूच्या टोकाने त्याने माती खरवडून काढली, जीभ पुसली, पाय चालवला. सूर स्वच्छ लागला. त्या दिवशी तो पुष्कळ काळानंतर समाधानाने जेवला.

समाजात एक गीत फार गायले जाई. रविवारी तर गायचेच, पण कुणाला माती द्यायची असली की तेच गायचे. त्याची चाल विलायती होती आणि सिकंदराबादेत शांतवनने ती कितीदा तरी वाजवली होती. ‘पैलतीराहून हाक मारितो’ या शब्दांनंतर आवाज न तुटता ‘धनी माझा’कडे उतरायला हवा. इथली मंडळी मात्र ‘मारितो’वर एकदम गप्प होत, आणि मग पुढचे शब्द घेत. कारण उघड होते. जोडणारा सूर त्या मुक्या पट्टीचाच होता. पेटी गप्प व्हायची म्हणून माणसेही गप्प होऊ लागली होती. शांतवनने ठरवले, मुलांना तरी हे गीत शुद्ध शिकवायचे.

दोन-तीन रविवारांनी पुढच्या बाकावरच्या द्वारकाबाईंनी त्याला गाठले.

“मास्तर, गाण्यातली जागा गेली की!”

शांतवन हसला. गवयांच्या बोलण्यात जागा म्हणजे नटवून घेतलेली सुरांची लकेर. “मावशी, हे बैठकीतलं गाणं आहे का जागा घ्यायला? सरळ गायचं.”

“सरळ तर सरळ. पन माणसानं श्वास कवा घ्यावा? परेड हाय का ही, बँडमास्तर?”

बायका तोंडाला पदर लावून हसल्या. मागच्या बाकावरचे कडूबा हसले नाहीत. ते पिराजींचे जिवाभावाचे दोस्त. सगळ्यांना माहीत असलेली गोष्ट पिराजीच्या मुलाला ठाऊक नसेल, हे त्यांच्या मनातही आले नाही. त्यांना वाटले, शिकून आलेल्या पोराने ती जाणूनबुजून काढून टाकली.

पावसाळा सरला. मुले इतकी सुरेख गाऊ लागली की मोठ्यांचे आवाज हळूहळू त्यांच्यामागे दबून गेले. “शेजारचा चुकला तरी आपण सूर सोडायचा नाही,” हे शांतवनने त्यांच्याकडून घोटून घेतले होते.

एका सकाळी कडूबा चर्चच्या पायरीशी येऊन उभे राहिले. त्यांची बायको दगडाबाई बरेच दिवस आजारी होती. शांतवन आल्यापासून समाजात कुणाची माती झाली नव्हती.

“घरची गेली, पहाटं,” ते म्हणाले. “दुपारून माती हाय. एक मागनं हाय, शांतवन. आजच्यापुरती तिची जागा ठिव.”

“कसली जागा, काका?”

“तुला ठाव नाय?”

“नाही.”

“आरं, ‘हाक मारितो’ म्हनलं की तुहा बाप मुद्दाम पेटी थांबवायचा. रविवारी नुसतंच थांबायचं, पन मातीला गेलेल्या मानसाचं नाव घ्यायचं समद्यांनी. हाक मारितो... पिराजी... धनी माझा. तीन कडव्यांत तीन डाव. आमच्यात कुनाच्या कबरीवर दगूड हाय? मातीचा ढीग, दोन पावसात सपाट व्हतो. नाव घेतलं तेवढंच. तुह्या बापाचं लई मोठ्यानं घेतलं. तू नव्हता ना, म्हून आनखी मोठ्यानं.”

शांतवनला चाकूने खरवडून काढलेली ती माती आठवली.

“लगीन झाल्यापासून म्या तिला नावानं हाक मारली नाय,” कडूबा खाली बघत म्हणाले. “आमच्यात मारत नायत. आजच्या दिवशी मारता येती. लोकायसंगं.”

त्याने लगेच मुलांना गोळा केले. ‘मारितो’ झाले की थांबायचे, मी मान हलवली की ‘धनी माझा’ घ्यायचे. मुले हुशार होती. तालमीत बरोबर थांबली. त्यांना बाजूला ठेवावे, असेही त्याच्या मनात येऊन गेले. पण त्यांत दगडाबाईची नातवंडे होती. त्यांना आजीसाठी गाऊ नका म्हणून कसे सांगणार?

दुपारी चर्च भरले. पांढऱ्या चादरीखाली दगडाबाई अगदी लहान दिसत होती. कडूबा उशाशी उभे होते. ‘हाक मारितो’ आले आणि शांतवनने बोट उचलले. पेटी गप्प झाली, पण मुलांचे आवाज गप्प झाले नाहीत. रडत रडत, शिकवल्याप्रमाणे, त्यांनी तो सूर पेटीविनाच पेलला आणि ‘धनी माझा’वर अलगद उतरवला. कडूबांचे ओठ उघडले होते. गाणे त्यांच्यावरून पुढे निघून गेले.

दुसऱ्या कडव्याला त्याने जोरजोराने हात हलवून थांबायची खूण केली. काही मुले थांबली. शेजारचा चुकला असे समजून बाकीच्यांनी आवाज आणखी वाढवला. म्हातारी माणसे गोंधळली. कुणी थांबले, कुणी ओढले गेले. द्वारकाबाईंनी “दग...” एवढे म्हटले आणि तोंडाशी पदर नेला.

तिसऱ्या कडव्याला शांतवन पेटी सोडून उभाच राहिला. त्याने पंजा वर केला, आणि सगळे थांबले. शांतता झाली, पण ती कसली हे कुणालाच कळेना. मास्तर रागावले की जागा आली? सगळे त्याच्याकडे पाहू लागले. त्याने कडूबांकडे पाहिले. कडूबांनी छाती भरून श्वास घेतला.

“आपण प्रार्थना करू या,” पाळकसाहेब म्हणाले. ते जालन्याहून नवीनच आले होते. गीत संपले, असे त्यांना वाटले.

सगळ्यांच्या माना खाली झाल्या. कडूबांचीही. शांतवनचे तोंड उघडे होते. नाव त्याला येत होते, पण आज पहिली हाक कडूबांची होती.

कबरस्तानात माती लोटून झाल्यावर मुले त्याच्याभोवती आली. दगडाबाईची नात एस्तेर डोळे पुसत म्हणाली, “मास्तर, शेवटी थांबलो ना आम्ही?”

“थांबलात,” तो म्हणाला.

लोक पांगू लागले. कडूबा हातांची माती झटकत जवळ आले. “लेकरं लई सुरात गायली रे. पिराजीला बरं वाटलं असतं.” त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. असता तर शांतवनला तो सोसला असता.

“काका, आत्ता म्हणू या का? इथंच. मी गातो, तुम्ही...”

कडूबांनी रिकाम्या होत चाललेल्या कबरस्तानावर नजर फिरवली. “नगं. ती एकट्याची हाक नसती. लाज वाटंल मला.” मग त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, “चल. पोरं सकाळधरून उपाशी हायत.”

फाटकाशी आल्यावर ते थांबले. मागे राहिलेल्या बाईसाठी थांबावे तसे अर्धे वळले आणि जन्माच्या सवयीने म्हणाले, “ए, चल गं.”