गाळलेली ओळ

पक्षाघातानं इंदुमतीबाईंची वाचा गेली होती. तिसऱ्या आठवड्यात, इंदूरजवळच्या राऊ गावातल्या घरी, एका सकाळी त्या अचानक स्पष्ट बोलल्या. "हे दीनवत्सला स्वामी, मज पातकिणीवरी आपण दया करावी..." इथं त्या थांबल्या. पुन्हा सुरुवात केली, पुन्हा तिथंच अडल्या. त्यांची नजर नवऱ्यावर खिळली होती.

"बाबा, आई काय बोलतेय? काहीच समझमध्ये येत नाहीये," सुजय म्हणाला.

"जुन्या पुस्तकातली पश्चात्तापाची प्रार्थना आहे. तिला पुढची ओळ हवीय."

"मग सांगा ना."

शरदचंद्र साळव्यांना ती आठवेना.

नगर जिल्ह्यातून ते मराठीचे शिक्षक म्हणून इंदूरला आले होते. तीस वर्षांपूर्वी चर्चनं मराठी प्रार्थनापुस्तक सोपं करायला जे मंडळ नेमलं, त्यात तेही होते. मुलांना कळेल असं लिहा, हा आग्रह त्यांचाच. 'आपण'चं 'तू' झालं, 'करावी'चं 'कर', आणि ही प्रार्थना तर त्यांनी निम्मी कापली. घरातली जुनी प्रत त्यांनीच रद्दीत घातली. "तुम्हाला योग्य वाटेल ते करा," एवढंच इंदुमतीबाई तेव्हा म्हणाल्या होत्या. मुलं पुढे हिंदीतच प्रार्थना म्हणू लागली. सुजयला आता मराठी धड वाचताही येत नाही.

त्यांनी नवं पुस्तक उघडून वाचलं, "दयाळू देवा, माझं चुकलं, मला क्षमा कर." इंदुमतीबाईंनी तोंड फिरवलं.

गावी चुलतभावाला फोन केला. तिथल्या चर्चमध्येही जुनी प्रत उरली नव्हती. फादर आले, आजाऱ्याला लावतात ते पवित्र तेल कपाळाला लावून हिंदीत प्रार्थना करून गेले. "सर जी, परमेश्वर सब समझते हैं," जाताना ते म्हणाले.

शेवटी शरदचंद्रांनी जुन्या वळणाची एक ओळ स्वतःच रचली आणि हळूच त्यांच्या कानाशी म्हटली. इंदुमतीबाईंनी क्षणभर ऐकलं. मग पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं.

शुक्रवारी दुपारी त्या गेल्या. अखेरपर्यंत प्रार्थना पुरी झालीच नाही.

कब्रस्तानात सगळं हिंदीत आटोपलं. सुजयनं विचारलं, "बाबा, तुम्ही मराठीत काही म्हणणार?"

"नको," ते म्हणाले, आणि मूठभर माती टाकून बाजूला झाले.