मधली की कोपऱ्याची

आईने चमचा डब्यात खुपसला, मॅकरोनी इकडून तिकडे ढवळली, एक नळी उचलून जिभेवर ठेवली आणि डबा परत ताईकडे सरकवला.

"ही नाही."

"अगं, ह्या भागात हीच सगळ्यात चांगली म्हणतात. दोन घास तरी घे."

"कोपऱ्याची हवी," म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिली.

ताईने झाकण लावलं. उशाशी पाण्याच्या ग्लासात आईची कवळी पडून होती. ती ताईनेच केलेली. तिचं कामच ते. दंतवैद्यांकडून आलेल्या साच्यांवरून ती दिवसभर लोकांचे दात करायची, मेणात बसवायची, घासायची, चकाकी आणायची. आईच्या कवळीत तर तिने जीव ओतला होता. पुढचा एक दात मुद्दाम किंचित तिरका बसवला होता, आईचा मूळचा होता तसा. पण आजारपण सुरू झालं आणि आईने कवळी काढून ठेवली ती ठेवलीच. सूप प्यायला दात कशाला लागतात, म्हणायची. आता सूपही नको झालं होतं. डॉक्टरांनी हात टेकले होते. "मागतील ते द्या," दारात बूट चढवता चढवता त्यांनी सांगितलं होतं, आणि त्याचा अर्थ न कळायला ताई काही लहान नव्हती. आणि आईने मागून मागून मागितलं काय, तर मॅकरोनी चीज!

ताईचा धाकटा भाऊ टॅक्सी चालवायचा. त्याला सगळं सोपंच वाटतं.

"कोपऱ्याची म्हणजे कोपऱ्यावरच्या हॉटेलातली. त्यात काय एवढं? ह्या शहरातला कोपरा न् कोपरा मला पाठ आहे."

तेव्हापासून ताईचं काम सुटलं की दोघं टॅक्सीत बसायची आणि कोपऱ्यावरची हॉटेलं पालथी घालायची. आधी स्वतः चव घ्यायची, बरी वाटली तर आईसाठी बांधून आणायची. एके ठिकाणी पांढऱ्याशुभ्र टेबलावर एवढ्याशा वाटीत मॅकरोनी आली, वर कसलंसं वासाचं तेल. धाकट्याने ती नाकाशी धरली.

"ताई, हे खायचं की डोक्याला चोळायचं?"

दुसरीकडे चीज असं चिवट की धाकट्याने काटा पार कपाळापर्यंत नेला तरी तार तुटेना. शेजारच्या टेबलावरची माणसं हसायला लागली, तशी ताईलाही हसू फुटलं, आणि लगेच स्वतःचाच राग आला. आई तिकडे अन्नावाचून पडलीय आणि आपण इथे दात काढतोय. एका हॉटेलाबाहेर तर ही रांग! शहरातली सर्वोत्तम मॅकरोनी म्हणून पेपरात छापून आलेली. ती मात्र खरोखरच चांगली होती. पहिल्या घासाला ताईचे डोळे आपोआप मिटले. गरम डबा तिने घरापर्यंत मांडीवर धरून आणला.

आईने एक नळी जिभेवर ठेवली. "ही नाही."

त्या दिवशी जिन्यात धाकट्याचा तोल सुटला.

"ती भ्रमात बोलतेय, ताई. मॅकरोनी खायला आपण जायचो कुठे? बाबांना सुट्टी असली की त्या गल्लीतल्या हॉटेलात. आठवतंय? भट्टीतून काढलेला चौकोनी ट्रे थेट टेबलावर आणून आदळायचे. ते हॉटेल कोपऱ्यावर कुठे होतं? गल्लीच्या अगदी मधोमध! आता तिथे चष्म्याचं दुकान आहे."

"मग दुसरं कुठलं तरी असेल."

"नाही गं दुसरं. तिच्या डोक्यात सगळी सरमिसळ झालीय. आपण वेड्यासारखे हिंडतोय आणि तिला उगाच आशा लावतोय. पुरे आता."

"तुझं तू बघ. मी पायी हिंडेन," ताई म्हणाली. "पण तिला उपाशी जाऊ देणार नाही. एक घास तिने आवडीने खाल्लेला मला बघायचाय. एकच. मग काय व्हायचं ते होऊ दे."

धाकटा कठड्याचा रंग नखाने खरवडत उभा राहिला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्याची टॅक्सी ताईच्या कामाच्या दाराशी हजर होती. 

शेवटी शेवटी कोपरेच संपले. उरलं एक बस डेपोतलं उपाहारगृह, आणि तिथेही ती दोघं नुसती चहासाठी शिरली. हिंडून हिंडून ताईच्या पायांचे तुकडे पडले होते. बाकांवर चालक-वाहक जेवत होते, भिंतीवरचा पंखा कुरकुरत फिरत होता. काउंटरमागे एक जाडजूड बाई हातात रुंद उलथनं घेऊन उभी होती. तिच्यापुढे पत्र्याचा भलाथोरला ट्रे, जवळजवळ खरवडून संपलेला.

"मॅकरोनी आहे थोडी," बाई म्हणाली. "मधली देऊ की कोपऱ्याची?"

ताईचा हात पर्समध्येच राहिला. "काय म्हणालात?"

"मधली की कोपऱ्याची? मऊ आवडत असेल तर मधली घ्या. कोपऱ्याची दोन्हीकडून भाजलेली, कडक, कुरकुरीत. तिच्यावर भांडणं होतात इथे, म्हणून आधीच विचारते. हा एकच कोपरा उरलाय."

धाकट्याने ताईकडे पाहिलं. गल्लीतल्या त्या हॉटेलात कोपऱ्यांवरून त्यांचीही काय थोडी भांडणं झाली होती! ट्रे टेबलावर यायच्या आधीच वाटण्या ठरलेल्या असायच्या.

"बाबा त्यांच्या समोरचा घ्यायचे," तो हळूहळू म्हणाला, "दादाचा खिडकीकडचा. तो परदेशी गेला तरी फोनवर अजून त्याच्या बढाया मारतो. तुझा त्याच्या बाजूचा. उरलेला माझा. झाले की चार."

"हो."

"मग आईचा?"

ताईने मान हलवली. "ती मधली घ्यायची. मला मऊच आवडतं म्हणायची."

"आपल्याला खरं वाटलं."

"तेव्हा तर तिचे सगळे दात शाबूत होते रे," ताई म्हणाली. "दातांनी अक्रोड फोडायची ती. तिला मऊ कशाला आवडेल?"

दातांतच जन्म घालवलेल्या आपल्याला हे एकदाही सुचू नये, ह्याची ताईला इतकी लाज वाटली की समोरच्या बाईकडे बघवेना. बाई उलथनं घेऊन ताटकळत होती. पाठीमागे रांगेतल्या कुणीतरी घसा खाकरला.

"कोपऱ्याची," ताई म्हणाली. "बांधून द्या. मोडू नका."

घरी ताईने तो तुकडा काचेच्या बशीत काढला. कडा काळपट, वरची साय तांबूस आणि टणक. आईने आधी नुसतं बघितलं. मग बोट पुढे करून भाजलेल्या कडेवर दाबून पाहिलं. कड दबली नाही.

"माझे दात दे," आई म्हणाली.

ताईने कवळी धुतली. आईची गालफडं इतकी बसली होती की कवळी आता ढिली झाली होती. ताईने चिकटवायची पूड लावली, पुन्हा बसवली, अंगठ्याने दाबून धरली.  आईने तुकडा उचलला आणि कोपऱ्याचं टोक दाताखाली धरलं. कडकन वाजलं. खोलीत तिघांनाही ऐकू आलं.

आई चावत राहिली. जबडा वाकडा होत होता, घामाचे थेंब येत होते, पण ती थांबेना. गिळून झाल्यावर तिने डोळे मिटले.

"हीच का गं?" धाकट्याने विचारलं. आणि लगेच त्याने थट्टेवर नेलं. लहानपणीसारखा हात पुढे केला. "बघू, मला एक तुकडा दे."

आईने बशी छातीशी ओढली.

"तुझा तू खाल्लायस," ती म्हणाली.

धाकटा हसला, मान डोलावली आणि स्वयंपाकघरात गेला. नळ सुरू झाल्याचा आवाज आला. तो बराच वेळ चालूच राहिला.

आईने आणखी एक घास तोडला. तेवढ्यानेच ती दमली. निम्मा कोपरा बशीत राहिला.

"सकाळी खाईन," ती म्हणाली. "कुणाला देऊ नकोस."

"नाही देणार."

ताईने बशीवर दुसरी बशी पालथी घातली आणि आईचा हात पोचेल अशी उशाशी ठेवली. मग कवळी काढायला ती ग्लास घेऊन वाकली, तेव्हा आईने मानेने नाही म्हटलं आणि ओठ घट्ट मिटून घेतले.