माहेरचा भात

सोळा हिवाळे मी ती कुंडी ओढली. नोव्हेंबर लागला की गॅलरीतून स्वयंपाकघरात, होळी झाली की परत गॅलरीत. कुंडी कसली, तुपाचा पंधरा किलोचा डबाच तो. त्यात अन्नपूर्णा. केवड्याच्या जातीची, पण हिला काटे नाहीत, फूल नाही, नुसती लांब हिरवी पानं. भात शिजताना एका पानाची गाठ मारून टाकली की साध्या तांदळाला आंबेमोहोराचा वास येतो. दिल्लीची थंडी तिला अजिबात सोसत नाही. मलाही सोसत नाही, पण मला कोण उचलून गॅसजवळ ठेवणार?

लावली ती खोटं बोलायलाच, हे आधीच सांगते. माझे वडील, आबा, होते तोवर मुळशीहून दरवर्षी आंबेमोहोराचं पोतं यायचं, थेट आर. के. पुरमच्या आमच्या सरकारी क्वार्टरपर्यंत. आबा गेले आणि माझ्या भावानं, दत्तात्रयदादानं, त्याच वर्षी पोतं बंद केलं. साधं पत्रही नाही. आमच्या ह्यांना, म्हणजे श्यामकांतांना, मी काय सांगणार? माहेरानं मला टाकलं म्हणून? जीभच रेटेना. खालच्या मजल्यावरच्या चंद्रप्रभाताई अलिबागच्या. त्यांनी अन्नपूर्णेचा एक फुटवा दिला. आबांच्या जुन्या पोत्यात मी कोपऱ्यावरच्या लालाच्या दुकानातला साधा, बिनवासाचा परमल तांदूळ भरला आणि ह्यांना म्हटलं, दादानं पाठवलाय.

ह्यांना ताटात भात आहे की पोहे, एवढंच कळतं. वास आला, खूश झाले. ऑफिसातल्या लोकांना जेवायला बोलवायचे आणि मोठ्या तोऱ्यात सांगायचे, "साले साहब के खेत का है." मी आत कात्री घेऊन पान कापत असायची. एकदा बोलून बसले ते निस्तरता निस्तरता माझे केस पिकले.

आणि पंच्याण्णवच्या जानेवारीत दादा स्वतः दारात उभा. हातात आग्र्याला गाडीत घेतलेला पेठा, पिशवीत हक्कसोडीचा कागद. आबांच्या जमिनीतला माझा वाटा मी राजीखुशीनं सोडते, असं त्यात टाइप केलेलं; आल्याआल्या त्यानं तो आम्हा दोघांना दाखवला. जमिनीला गिऱ्हाईक आलं होतं आणि बहिणीच्या सहीवाचून अडलं होतं.

खरं सांगू, मी सही करणारच होते. भांडायचं त्राण नव्हतं. शिवाय सोळा वर्षांनी भाऊ दारात आला, यातच मी अर्धी विरघळले होते. म्हटलं, दादा, आधी जेवून घे.

जेवताना ह्यांनी भाताचा मोठा घास घेतला. "दत्तात्रयराव, तुमचे आभार मानायचे राहूनच गेले बघा. सोळा वर्षांत एकदाही चुकला नाहीत. आमचं अख्खं सेक्शन तुमच्या तांदळावर खूश आहे."

दादाचा घास हातातच राहिला. त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि त्याला सगळं कळलं. मी मान खाली घातली. मनात म्हटलं, दादा, नुसता गप्प बस. गप्प बसलास तरी सही तुझी.

"अहो, आभार कसले," दादा म्हणाला. "बहिणीला नाही पाठवायचा तर कुणाला? पोरीला अंतर देऊ नकोस, असं आबा सांगूनच गेले होते."

"ऐकलंस?" हे मला म्हणाले. "असा भाऊ मिळायला नशीब लागतं. पेन देऊ?"

आबांचं नाव काढलं आणि माझं टाळकंच सरकलं. मी उठले, स्वयंपाकघरातून तो डबा फरशीवरून खरडत आणला आणि दोघांच्या ताटांसमोर ठेवला.

"हे पान घालते मी भातात," ह्यांना म्हटलं. "तांदूळ लालाचा. आबा गेल्यापासून ह्याच्याकडून एक दाणाही आलेला नाही. पोत्याचं सगळं मी रचलं."

हे दादाकडे बघत राहिले. दादा भात कालवत होता, कालवतच राहिला.

"रेल्वेचं भाडं फार वाढलं होतं," तो ताटाकडे बघत म्हणाला.

ह्यांनी पेन खिशाला लावलं. दादा संध्याकाळच्या गाडीनं परत गेला, कागदावर सही न घेता.

त्यानंतर हे माझ्याशी बोलले नाहीत. रुसले असतील, लाजही वाटली असेल, अख्ख्या ऑफिसात मिरवलं होतं ना. मला समजूत काढायचाही कंटाळा आला होता. मी डबा गॅलरीत ढकलला आणि तिथेच सोडून दिला. म्हटलं, मर एकदाची, सुटू दोघी.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी लालाचा भात नुसताच वाढला. ह्यांनी दोन घास खाल्ले आणि ताटावरून उठले. मी बघितलंसुद्धा नाही. मग गॅलरीतून फरशीवर पत्रा खरडल्याचा आवाज आला. हे वाकून, धापा टाकत डबा आत ओढत होते. दोन पानं थंडीनं शेंड्याला काळी पडली होती.

"केवढा जड आहे हा," कमरेवर हात ठेवून ते म्हणाले. "दर वर्षी तू एकटी ओढायचीस?"

मी फरशीवर सांडलेली माती पुसून घेतली.

त्यांनी खिळ्यावरची कात्री काढली. "कुठलं कापायचं?"

"बाहेरचं, जुनं. मधला कोंब सोडून."

त्यांनी पान कापलं आणि गाठ मारायला लागले. ती काही त्यांना जमेना, पान सारखं सुटत होतं. भात तर कधीच शिजून झाला होता. मी तो झाकून ठेवला आणि दुसरे तांदूळ धुवायला घेतले.