उलट्या चालीची मोटारबोट

अण्णांनी शीड घडी करून पलंगाखाली सारलं आणि त्या दिवसापासून आमच्या घरातले रविवार बिघडले.

अण्णा माझे सासरे. गन कॅरेज फॅक्टरीत तीस वर्षं तपासनीस होते. सत्तेचाळीस साली विलायतेला परत जाणाऱ्या कोण्या साहेबानं आपली शिडाची नाव त्यांच्या गळ्यात घातली, आणि तिथून पुढे दीक्षितपुऱ्यातले आमचे नातेवाईक रविवारी सत्यनारायणाला बसायचे तेव्हा अण्णा नदीवर, ग्वारीघाटाला, वारा हुंगत बसायचे. मी लग्न होऊन आले तेव्हा मला धड गोल पोळी लाटता येत नव्हती, पण सहा महिन्यांत नावेचं सुकाणू धरता यायला लागलं. सासूबाई नव्हत्या. सुनेला काय शिकवायचं असतं हे अण्णांना कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून त्यांना जे येत होतं ते त्यांनी शिकवलं.

त्या वर्षी त्यांचा उजवा खांदा आखडला. शिडाची दोरी दोन्ही हातांनी ओढावी लागते, आणि ती दुसऱ्या कुणाला ओढू देणं अण्णांच्या रक्तात नाही. घाटावरच्या मुरलीधर नावाड्याला त्यांनी सांगून टाकलं की गिऱ्हाईक बघ, दिवाळी झाली की नाव देऊन टाकू. मग दर रविवारी खिडकीकडे तोंड करून खुर्चीत बसायला लागले. पासष्टची लढाई थांबून महिना होत आला होता, पण ब्लॅकआउटचा काळा कागद अजून काचेवर तसाच होता. अण्णा त्या कागदाकडे बघत बसायचे. दहा महिन्यांची ज्योती त्यांच्या धोतराला धरून उभी राहायची, तिच्याकडेसुद्धा बघायचे नाहीत.

ते मला बघवेना. मी ह्यांच्या मागे लागले.

ह्यांची तेव्हा त्याच फॅक्टरीत बारा-बारा तासांची ड्यूटी. डोळे मिटूनच जेवायचे. पण एका शनिवारी पाटणच्या ओळखीच्या अच्युतरावांच्या विहिरीवरचं जुनं रॉकेलचं इंजिन बैलगाडीत घालून घेऊन आले.

"नावेला मोटार लावतो. शीड नको, दोरी नको. अण्णांनी नुसतं बसायचं."

"आणि नाही बसले तर?"

"तर मग मुरलीधरचं गिऱ्हाईक बसेल."

खुर्चीतून आवाज आला, "श्रीकांत, काय करून राहिला बे?"

"बोटीसाठी इंजिन आणलं, अण्णा."

"मोटार लावली की ती नाव नाही राहत. पाण्यातला ट्रक होतो. मी ट्रकमध्ये बसत नाही."

ह्यांनी अंगणात दोन लाकडी ओंडक्यांवर इंजिन बसवून चालू केलं. असा फटफटाट झाला की शेजारच्या शकुताई दोन्ही पोरांना घेऊन पलंगाखाली शिरल्या आणि इंजिन बंद झाल्यावरही बराच वेळ बाहेर येईनात. ह्यांनी मात्र इंजिनासमोर उकिडवं बसून चाक कुठल्या बाजूला फिरतं ते कागदावर लिहून घेतलं आणि त्या हिशोबानं ओमतीजवळच्या एका लहानशा कारखान्यातून पाण्यात फिरायचा पंखा ओतून आणला. पुढचे दोन रविवार घाटावर ठोकाठोक चालली. अण्णा खुर्चीतून हलले नाहीत.

तिसऱ्या रविवारी मी त्यांच्यासमोर चहा ठेवला. म्हटलं, "अण्णा, आज मोटार पाण्यात चालवून बघणार आहेत. तपासणीशिवाय माल फाटकाबाहेर कसा पडेल?"

अण्णांनी चहा संपवला. मग उठून कोट चढवला.

"काठावरून बघीन. पाय ओला करणार नाही."

मला तेवढं पुरे होतं. रिक्षात मी ज्योतीला उगीचच चार वेळा टोपी घातली आणि काढली.

डोलकाठी उतरवलेली आमची नाव जावळ काढलेल्या बाळासारखी दिसत होती. अण्णा घाटाच्या पायरीवर बसले, तेही अर्धे दुसरीकडे वळून. ह्यांचा बेत मोठा थाटाचा होता. नाव आधी ढकलून आत न्यायची, तिचं नाक घाटाकडे करायचं, मग इंजिन लावून डौलात अण्णांच्या पायरीपाशी यायचं आणि म्हणायचं, बसा.

मुरलीधरनं नाव ढकलता ढकलता सुचवलं, "भैया, चप्पू तो रख लो."

"मोटरबोट में चप्पू का क्या काम?" हे म्हणाले, आणि वल्ही घाटावरच राहिली.

मी मागे सुकाणूपाशी, मांडीवर ज्योती. हे मधे इंजिनावर वाकलेले. समोर घाट, आणि घाटावर अण्णा. ह्यांनी हँडल मारलं. तिसऱ्या झटक्याला इंजिन पेटलं, नाव थरथरली आणि निघाली.

अण्णा लहान व्हायला लागले.

मला आधी वाटलं, घाटच मागे सरकून राहिला. बाजूला कपडे धुणाऱ्या बायका हातातलं काम टाकून उभ्या राहिल्या. आम्ही तोंडानं घाटाकडे आणि पाठीनं नदीत, दरबारातून मुजरा करत मागे जावं तसे निघालो होतो.

"पोचलो का?" ह्यांनी मान वर न करता विचारलं.

"जाऊन राहिलो," मी म्हटलं.

ह्यांनी वर बघितलं. मग मागे बघितलं. मग त्यांचा जो चेहरा झाला तो बघून मला हसू फुटलं, आणि एकदा फुटलं ते फुटलंच.

"बंद करा ना," मी कशीबशी म्हणाले.

"केलं आणि परत लागलं नाही तर? वल्ही नाहीत. वाहत वाहत तिलवाऱ्याला जाऊ."

"आणि तिथून?"

"तिथून भेडाघाट."

भेडाघाटला धबधबा आहे. ज्योतीनं टाळ्या वाजवल्या.

घाटावर अण्णा उभे राहिले होते. दोन्ही हात तोंडाशी नेऊन, म्हणजे डावा नेऊन आणि उजवा अर्ध्यावर, ते ओरडत होते. "चाकाकडून पाहिलं असशील, गाढवा. दांड्याकडून नाही पाहिलं." एवढं पाण्यावरून स्पष्ट आलं. इंजिनाच्या ज्या बाजूला चाक असतं त्याच्या बरोब्बर उलट बाजूनं दांडा पंख्याकडे जातो, आणि एका बाजूनं उजवं दिसणारं फिरणं दुसऱ्या बाजूनं डावं असतं. अख्ख्या फॅक्टरीत ह्यांच्या हाताला नावाजतात, पण पंखा उलटा निघाला होता.

मी सुकाणू वळवलं. मागे जाताना सगळं उलटं होतं हे अण्णांनी मला शिकवलं होतं, पण उलट्याचं उलटं करताना माझ्याकडून सुलटं झालं आणि आम्ही गोल फिरायला लागलो. एकदा फिरलो, दोनदा फिरलो. दर फेरीला घाट समोरून जायचा. पहिल्या फेरीत अण्णा शेवटच्या पायरीवर होते. दुसऱ्या फेरीत गुडघाभर पाण्यात. तिसऱ्या फेरीत ते मुरलीधरच्या होडीत उभे होते, आणि होडी आमच्याकडे येत होती.

मी हसायची थांबले.

होडी बाजूला लागली. ह्यांनी इंजिन अगदी मंद केलं, मुरलीधरनं आमच्या नावेची कड पकडली. दोन्ही नावांच्या मधे हातभर पाणी, आणि ते ओलांडायला अण्णांना आधार पाहिजे होता. ह्यांनी हात पुढे केला. कोपरापर्यंत काळा, तेलकट. अण्णा त्या हाताकडे बघत राहिले. आयुष्यभर त्यांनीच लोकांना नावेत ओढून घेतलं होतं, मलाही, लग्नाच्या पातळासकट.

"डावीकडून धर," ते शेवटी म्हणाले. "उजवा खांदा ओढू नको."

ह्यांनी डावीकडून धरलं, कमरेला दुसरा हात घातला आणि अण्णांना अलगद आत घेतलं, जसं रात्री झोपलेल्या ज्योतीला उचलतात तसं. कोटाला काळा पंजा उमटला.

मग अण्णांनी मला सरकवलं, सुकाणूचा दांडा डाव्या हातात घेतला आणि घाटाकडे पाठ करून बसले.

"आता हेच नाक," म्हणाले. "वाढव, श्रीकांत."

आणि आम्ही निघालो, शेपटीकडून, पण सरळ रेषेत, पार पलीकडच्या काठाकडे. वाऱ्यानं अण्णांचे पांढरे केस उभे केले होते. हे ओरडून सांगत होते की पुढच्या रविवारी पंखा बदलतो. अण्णा म्हणत होते, "घाई काहून करतो? चालून राहिली ना."

मुरलीधर वल्ही मारत बाजूनं येत होता. त्यानं धापा टाकत विचारलं, "बाबूजी, वो ग्राहक को क्या बोलूँ?"

"बोलो, माल फेल है," अण्णा म्हणाले. "उल्टा चलता है. ऐसा माल हम बाहर नहीं भेजते."

मला पुन्हा हसू आलं. ज्योती इंजिनाच्या त्या आवाजात, माझ्या हलत्या पोटावर डोकं टेकून, गाढ झोपली होती. "हसू नको सूनबाई, नाव डोलते," अण्णांनी दटावलं, आणि स्वतःच इतके हसले की सुकाणू हातातून सुटलं आणि आम्ही परत गोल फिरायला लागलो.